पहिली सकाळ वाळूवरच का? कोवलमच्या सर्फिंग सहलीला येणाऱ्यांसाठी माहिती

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सिंदेवाही, नागभीडकडून येणाऱ्या जवळपास प्रत्येक गटाचा एकच सवाल असतो. पैसे लाटेवर फळीवर उभं राहायला शिकवायचे घेता, मग पहिला तासभर वाळूवर बसून नुसतं पाणी काय बघायला लावता? त्याचं उत्तर इथे सविस्तर देत आहोत, कारण हा तास ज्यांनी टाळला त्यांची उरलेली सहल धडपडण्यात जाते.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट. कोवलम दोन आहेत. केरळातलं वेगळं. आपलं तमिळनाडूतलं, चेन्नईपासून दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटर. त्यामुळे बल्लारशाहून चेन्नईची गाडी धरायची, तिरुवनंतपुरमची नाही.

आता तासाकडे येऊ. आपल्याकडचे बहुतेक जण मामा तलावात नाहीतर नहरात पोहायला शिकलेले असतात. तलावात संथ पाणी बरं, खळबळ दिसली की लांब राहायचं, हे अंगात मुरलेलं असतं. समुद्रावर नेमकी हीच सवय घात करते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होतोय आणि मधे एक पट्टी गुळगुळीत, थोडी गडद दिसतेय, असं असलं की नवखा माणूस फळी घेऊन सरळ त्या पट्टीत शिरतो. ती पट्टी म्हणजे पाण्याची परत जायची वाट.

धानाच्या बांधीचं उदाहरण घ्या. बांधी तुडुंब भरली आणि धुऱ्याला, म्हणजे तिच्या बांधाला, एका जागी फट पडली, तर सगळं पाणी तिथूनच धावतं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचा असाच धुरा असतो. लाटा त्यावरून पाणी आत ढकलतात आणि ते पाणी जिथे धुरा खचलेला असतो तिथून बाहेर पडतं. तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून ती जागा शांत वाटते. ओढ साधारण सेकंदाला एक-दोन फूट असते, पण जोर धरला तर आठ फुटांपर्यंत जाते. मग ऑलिम्पिकच्या पोहणाऱ्यालाही सरळ किनाऱ्याकडे येता येत नाही.

त्यात सापडलात तर फळी सोडू नका, ती तरंगते. हात वर करा. किनाऱ्याकडे सरळ झटू नका. किनाऱ्याला समांतर, फेसाच्या दिशेने हात मारा आणि फुटत्या लाटेबरोबर परत या. फेस किंवा पालापाचोळा आत समुद्राकडे सरकताना दिसला तर वाट तिथेच आहे. ही वाट कायमची एका जागी नसते, वाळू हलली की तीही हलते. म्हणून काल आलेल्या गटाला विचारून चालत नाही, रोज नव्याने बघावं लागतं.

पाण्यात उतरल्यावर दोनच चुका वारंवार होतात. फळी स्वतःच्या आणि लाटेच्या मधे आडवी धरली की ती छातीवर येते. ती बाजूला, नाक लाटेकडे करून धरा. पडताना सूर मारू नका. पाणी कमरेइतकंच असतं, तेव्हा अंग पसरून पडा आणि वर येताना हातांनी डोकं झाका. फळीची दोरी मागच्या पायाला बांधा.

दुसरी तक्रार असते ती किनाऱ्यामागच्या वेलींवरून चालू देत नाही म्हणून. किनाऱ्यामागची वाळूची टेकडी ही किनाऱ्याची कणगी आहे. वादळात समुद्र तिथली वाळू ओढून पाण्याखालचा धुरा उंच करतो, लाटा लांबच फुटतात आणि गाव वाचतं. समुद्र निवला की वाळू हळूहळू परत येते. ही वाळू मर्यादवेल धरून ठेवते. पायवाट पडली की वेल मरते आणि वारा टेकडी पोखरतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत या टेकड्या सर्वांत जपण्याच्या वर्गात आहेत. वाळू अडली तर काय होतं ते चेन्नईतच दिसतं. बंदराच्या भिंतीने उत्तरेकडे वाहणारी वाळू अडवली, दक्षिणेला मरीना रुंद झाला आणि उत्तरेला रायपुरमचा किनारा खचला. ज्या वाळूवर लाट उभी राहते तीच गेली तर सर्फिंग कशावर करणार?

रात्री किनाऱ्यावर शेकोटी नाही आणि टॉर्चही नाही. जानेवारी ते मार्च ऑलिव्ह रिडली कासवं इथे अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या मागे भरकटतात.

आम्ही सहली याच तीन महिन्यांत नेतो, कारण लाटा नवख्यांना झेपणाऱ्या असतात. दिवाळीच्या सुट्टीचा आग्रह दर वर्षी होतो, पण तेव्हा चेन्नईकडे परतीचा मोसमी पाऊस आणि वादळांचे दिवस असतात. त्या तारखा आम्ही देत नाही, दुसरीकडे मिळत असल्या तरी.

समुद्र लांब असलेल्यांना हे जमेल का, असंही विचारतात. समुद्राकाठच्यांनाही हे शिकावंच लागतं. कोवलमच्या मूर्ती मेगवन या मच्छीमाराने २०१२ मध्ये गावातल्या पोरांसाठी सर्फ शाळा सुरू केली. २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाल यांनी कांस्यपदक मिळवलं. ज्याला तलाव पोहून पार करता येतो त्याचं अर्धं काम झालेलं असतं. आणि एकदा लाटेने फळी उचलली की पुढच्या वर्षीची तारीख लोक परतीच्या गाडीतच विचारतात.

सोबत अंगाला घट्ट, लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणा. सुती बनियन पाणी पिऊन जड होतं आणि फळीवर छाती सोलून निघते. डोक्याला तेल लावून येऊ नका, फळी निसटते. आठ फुटी मऊ फळी, दोरी आणि प्रशिक्षक आमच्याकडून. एका गटात आठ जण, त्यामुळे नावं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्या आणि पोहता येतं की नाही ते खरं सांगा.