जुन्या गाडीचा कुलंट रंगावरून निवडू नका

दुकानात ‘हिरवा द्या’ म्हणून आणलेला कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, जुन्या गाडीला चालेलच असं नाही. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला सर्वमान्य नियम नाही. आत कोणती गंजरोधक रसायनं आहेत ते डब्यावर वाचायचं, आणि त्याआधी आपल्या गाडीत कोणते धातू आहेत ते पाहायचं.

प्रीमियर पद्मिनी घ्या. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसं-कथलाच्या डाखाचे. इतके धातू एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखी विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. इथे सिलिकेट हे गंजरोधक असलेला जुन्या पद्धतीचा, अजैविक रसायनांचा आयएटी कुलंट योग्य. सिलिकेट सगळीकडे पटकन पातळ थर धरतं, पण संपतंही लवकर. म्हणून कुलंट दर दोन वर्षांनी बदलायचा. जास्त टिकणारा, सेंद्रिय आम्लांचा ओएटी कुलंट आधुनिक अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला उत्तम, डाखाला मात्र तो पुरेसं संरक्षण देईलच असं नाही. दोन्ही एकत्र करू नका: मिश्रणाचं आयुष्य घटतं, कधी गाळही धरतो.

कुलंट आणि पाण्याच्या प्रमाणाचं काय? मुंबईत सांताक्रूझला तापमानाचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही १९६२ मधला. गोठण्याची चिंता नसलेल्या मुंबईत अर्धं-अर्धं मिश्रण लागत नाही. कुलंटमधला मुख्य द्रव, ग्लायकॉल, पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या गाडीला एक भाग कुलंट, दोन भाग पाणी बरं. त्याहून पातळ केलं की गंजरोधक अपुरे पडतात. नुसतं पाणी घातलं तर बिडाला गंज चढणारच. उकळी रोखण्याचं मोठं काम रेडिएटरच्या कॅपच्या दाबाचं: ७ पीएसआय (दाबाचं एकक) कॅपखाली साधं पाणीही सुमारे १११ अंशांना उकळतं. म्हणून सैल रबराची कॅप बदला, पण मूळ दाबाचीच. जास्त दाबाची बसवली तर जुना डाख उसवतो.

पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात.

आता खरी गफलत होते ती कुलंट बदलताना. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचा खालचा कॉक (तोटी) आणि ब्लॉकचा प्लग उघडा, हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्हही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, शेवटची धुलाई डिस्टिल्डने. तरीही ब्लॉकमध्ये लिटर-दोन लिटर पाणी उरतंच. समजा सहा लिटरच्या यंत्रणेत दोन लिटर उरलं. त्यावर एकास दोन मिश्रण चार लिटर ओतलं तर प्रमाण २२ टक्क्यांवर घसरतं. म्हणून आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेला कुलंट, घालायचं, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावर वरचा होज तापतो, हवेचे बुडबुडे निघतात आणि पातळी उतरते. तेवढं पुन्हा भरून कॅप लावा.

कुलंट तपासायचा हायड्रोमीटर (घनता मोजणारं साधन) फक्त ग्लायकॉल मोजतो. ग्लायकॉल तसंच राहतं, गंजरोधक मात्र संपतात. त्यामुळे वाचन ठीक दिसलं तरी दोन वर्षांची मुदत पाळा. उतरवलेला कुलंट गटारात ओतू नका. चवीला गोड आणि विषारी असल्याने कुत्र्या-मांजरांचा जीव जातो. झाकणाच्या डब्यात भरून टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला तो घेतात का विचारा.