मुद्रण-घनतेची नोंद

चित्र कागदावर छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, हे सांगणारा फाइलमधला आकडा. बोलण्यात त्याला 'डीपीआय' (डॉट्स पर इंच) म्हणतात. तो पिक्सेलांपासून वेगळा साठवलेला असतो. तो बदलला म्हणून चित्र सुधारत नाही.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरची मुंजीची पत्रिका घ्या. ५ × ७ इंचांच्या पत्रिकेला ३०० च्या घनतेने १५०० × २१०० पिक्सेल लागतात. याच फाइलवर ७२ लिहिलेले असेल तर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जवळजवळ २१ × २९ इंचांची उघडते. आकडा ३०० केला की पत्रिका मापात येते, एकही पिक्सेल न हलता. उलट, मोबाइलवरून आलेल्या ५०० × ७०० पिक्सेलच्या चित्रावर ३०० लिहून काहीच साधत नाही. पत्रिकेएवढे ताणले की इंचाला १०० च पिक्सेल उरतात आणि शिरोरेषा दातेरी दिसते.

जेपीईजी प्रकारच्या चित्र-फाइलीत हा आकडा जेएफआयएफ आणि एक्झिफ या नोंदींच्या दोन भागांत, म्हणजे दोन ठिकाणी असू शकतो. एकच बदलला तर दोन सॉफ्टवेअर दोन मापे दाखवतात. पीएनजी या दुसऱ्या प्रकारात तो इंचाला नव्हे, मीटरला मोजतात आणि तोही पूर्णांकातच. त्यामुळे ३०० चे ११८११ होतात, परत वाचताना २९९.९९९४ मिळतात. प्रोग्रॅममध्ये थेट ३०० शी तुलना करू नये, आधी पूर्णांकात आणावे.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत सेव्ह करताना 'डीपीआय'ला ३००, ३०० ही जोडी देतात. इमेजमॅजिक या चित्रे बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डेन्सिटी'बरोबर 'युनिट्स'ही द्यावे. मात्र जेपीईजी अशा रीतीने सेव्ह केली की ती पुन्हा दाबली (कॉम्प्रेस केली) जाते आणि चित्राचा थोडा तपशील जातो. पिलोची न सांगता धरलेली गुणवत्ता ७५ आहे. नुसता आकडा बदलायचा तर एक्झिफटूल हे फाइलमधल्या नोंदी बदलणारे साधन बरे, ते चित्राला हात लावत नाही.

जुन्या ग्रंथांच्या स्कॅनमध्ये या नोंदीला खरे मोल येते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या संग्रहातले ६ इंच रुंद पान ४०० च्या घनतेने स्कॅन केले, तर २४०० पिक्सेल मिळतात. नंतर कोणी सगळ्या फाइलींवर सरसकट ३०० लिहिणारी स्क्रिप्ट चालवली, की तेच पान नोंदीत ८ इंचांचे होते आणि मूळ पुस्तक केवढे होते हे फाइलवरून कळेनासे होते.