डेस्कटॉप एंट्री (लिनक्स)

लिनक्सवर बसवलेल्या प्रोग्रॅमची मेन्यूला ओळख करून देणारी छोटी मजकूर-फाइल. तिच्या नावाला ‘.डेस्कटॉप’ ही शेपटी असते. मेन्यू प्रोग्रॅमच्या शोधात सगळी डिस्क धुंडाळत नाही. ठरलेल्या फोल्डरांत अशा फाइली आहेत का, एवढेच पाहतो. म्हणून टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, उत्तम चालणारा प्रोग्रॅमही मेन्यूत बेपत्ता असू शकतो.

पूर्वी पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची (विंडो मॅनेजरची) मेन्यूची तऱ्हा निराळी होती. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत पॅकेजासोबत, म्हणजे प्रोग्रॅम बसवण्याच्या गठ्ठ्यासोबत, एक मेन्यू फाइल येई आणि ‘अपडेट-मेन्यूज’ ही आज्ञा तिच्यावरून ज्याला त्याला समजेल असा मेन्यू तयार करून देई. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० साली सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पातून ग्नोम, केडीई वगैरे डेस्कटॉपांसाठी सामाईक नियम आले. २०१५ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीनेही ठरवले, की डेस्कटॉप फाइल असलेल्या पॅकेजाने जुनी मेन्यू फाइल देऊ नये.

फाइलीच्या आरंभी चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’ असे लिहितात. खाली ‘नेम’, चालवायची आज्ञा सांगणारी ‘एक्झेक’, ‘आयकॉन’ आणि कोणत्या गटात बसायचे ते सांगणारी ‘कॅटेगरीज’ अशा ओळी येतात. ‘नेम’पुढे चौकटी कंसात ‘एमआर’ घालून मराठी नाव दिले, तर मराठी डेस्कटॉपवर तेच दिसते. नसेल तर मूळ नाव. गट दिलेला नसला की केडीई त्या प्रोग्रॅमला ‘हरवले-सापडले’मध्ये टाकते, आणि ते नाव अगदी समर्पक आहे.

हाताने फाइल लिहिणारे बहुधा ‘एक्झेक’पाशी अडतात. ही ओळ शेलमधून (टर्मिनलवरच्या आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅममधून) जात नाही, त्यामुळे होम फोल्डरसाठीचे ‘~’ चिन्ह तिथे चालत नाही. पूर्ण पत्ता द्यावा लागतो. ‘अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस’ चालवण्याचा सल्लाही सर्रास मिळतो, पण ती आज्ञा कोणती फाइल कशात उघडायची याची यादी बनवते, मेन्यू नव्हे.

होम फोल्डरातल्या ठरलेल्या जागची एंट्री त्याच नावाच्या सिस्टिममधल्या एंट्रीवर मात करते. नको असलेला प्रोग्रॅम लपवायचा तर त्याच्या फाइलीची प्रत तिथे ठेवून ‘नोडिस्प्ले=ट्रू’ लिहावे; पॅकेज अपडेट झाले तरी ते टिकते.

फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम बसवण्याची निराळी व्यवस्था आपल्या एंट्री वेगळ्या फोल्डरात ठेवते. फ्लॅटपॅक नव्याने बसवल्यावर एकदा लॉगआउट करावे लागते, कारण त्या फोल्डरचा पत्ता सत्राला लॉगिनच्या वेळीच मिळतो. अ‍ॅपइमेज, म्हणजे एकाच फाइलीत सामावलेला प्रोग्रॅम, नुसती डाउनलोड करून चालवायची असल्याने आपणहून मेन्यूत येत नाही.