लैंगिक गुन्हेगार नोंदवही (न्यू जर्सी)

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने शिक्षा भोगून झाल्यावरही आपला पत्ता, कामाचे ठिकाण व इतर तपशील पोलिसांना देत राहावे, आणि त्यातली ठरावीक माहिती लोकांना पाहता यावी, यासाठी ठेवलेली सरकारी नोंद. अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशी नोंदवही आहे, पण कोणाचे नाव उघड करायचे याचे नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडात नोंदणी झालेल्या प्रत्येकाची माहिती संकेतस्थळावर असते. न्यू जर्सीत ती धोक्याच्या पातळीनुसार उघड होते. एडिसन, जर्सी सिटी आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. घर घेताना किंवा पाळणाघर निवडताना ही नोंदवही पाहणाऱ्यांनी पातळ्यांचा हा नियम आधी समजून घेतला पाहिजे, नाहीतर शोधातून नको ती भीती किंवा नको तो निर्धास्तपणा पदरी पडतो.

कॅलिफोर्नियाने १९४७ मध्येच लैंगिक गुन्हेगारांना पोलिसांकडे नोंदणी सक्तीची केली होती. ती नोंद पोलिसांपुरतीच होती. शेजाऱ्यांना कळवण्याची तरतूद प्रथम वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये केली. ऑक्टोबर १९८९ मध्ये मिनेसोटातल्या सेंट जोसेफ गावातून जेकब वेटरलिंग हा अकरा वर्षांचा मुलगा पळवला गेला. त्याच्या नावाने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि नोंदवही न ठेवणाऱ्या राज्यांचा काही निधी कापण्याची तरतूद आली. त्याच वर्षी २९ जुलैला न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाऊनशिपमध्ये मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार समोरच्याच घरात राहत होता आणि मुलांवरील अत्याचारासाठी याआधी दोनदा दोषी ठरला होता. गल्लीत हे कोणालाच ठाऊक नव्हते. मेगनच्या आईवडिलांनी दुःख बाजूला ठेवून मोहीम उभारली आणि ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी ‘मेगनच्या कायद्या’वर सही केली. १७ मे १९९६ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याच नावाच्या केंद्रीय कायद्यावर सही केली.

न्यू जर्सीत नोंदणी त्या त्या गावच्या पोलीस प्रमुखाकडे होते. गावाला स्वतःचे पोलीस नसतील तर राज्य पोलिसांकडे. दोषी ठरलेले प्रौढ, तसा निकाल लागलेली अल्पवयीन मुले आणि मानसिक आजाराच्या कारणावरून निर्दोष ठरलेले, हे सगळे तिच्या कक्षेत येतात. दुसऱ्या राज्यातून राहायला आलेल्याने दहा दिवसांत नोंद करायची असते. राहणे परराज्यात, पण नोकरी किंवा शिक्षण न्यू जर्सीत सलग १४ दिवसांहून जास्त किंवा वर्षात एकूण ३० दिवसांहून जास्त असेल, तरी नोंद करावी लागते. घर बदलायचे असेल तर निदान दहा दिवस आधी कळवावे लागते. पत्त्याची पडताळणी वर्षातून एकदा होते. गुन्ह्यामागे सक्तीची व वारंवारची प्रवृत्ती असल्याचे न्यायालयाने नोंदवले असेल तर दर ९० दिवसांनी. नोंदणी चुकवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे तीन ‘टिअर’. पहिला टिअर कमी धोक्याचा, दुसरा मध्यम, तिसरा जास्त. आधीच्या गुन्ह्यांचे स्वरूप, बळाचा वापर, पीडिताचे वय, उपचारांना दिलेला प्रतिसाद, घर व नोकरीची स्थिरता अशा निकषांवर गुण देऊन काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) सरकारी वकील टिअर सुचवतो. संबंधित व्यक्तीला तो मान्य नसेल तर न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या ‘डो विरुद्ध पोरिट्झ’ खटल्यात कायदा वैध ठरवला तो ही सुनावणी आवश्यक ठरवूनच. मला हा भाग कायद्यातला सर्वांत न्याय्य वाटतो: समाजाला सावध करायचे, पण कोणाला किती धोकादायक म्हणायचे हे आधी तपासून.

टिअर ठरला की कोणाला कळवायचे हेही ठरते. पहिल्या टिअरची माहिती पोलीस यंत्रणेबाहेर जात नाही. दुसऱ्यात त्या व्यक्तीशी संबंध येण्याची शक्यता असलेल्या शाळा, पाळणाघरे, उन्हाळी शिबिरे आणि आधी नाव नोंदवलेल्या सामाजिक संस्थांना कळवतात. तिसऱ्यात याशिवाय परिसरातल्या घरोघरी पोलीस स्वतः जाऊन सूचना देतात. ज्यांच्या देखरेखीखाली मुले जमतात अशा संस्थांना सूचनेसाठी नाव नोंदवता येते. शनिवार-रविवारी मराठी शाळा किंवा बालवर्ग चालवणाऱ्या मंडळांनी या तरतुदीची चौकशी आपल्या गावच्या पोलिसांकडे जरूर करावी.

संकेतस्थळावरच्या नोंदवहीसाठी २००० च्या नोव्हेंबरात मतदारांनी राज्यघटनेतील दुरुस्तीला कौल दिला आणि त्यानंतर कायदा झाला. राज्य पोलिसांच्या या संकेतस्थळावर नाव, गाव, काउंटी किंवा झिप कोड देऊन शोधता येते. पैसे पडत नाहीत. सापडलेल्या नोंदीत छायाचित्र, टोपणनावे, गुन्ह्याचे नाव आणि थोडक्यात पद्धत, टिअर, उंची-वजन, अंगावरच्या खुणा, वाहनाचा क्रमांक आणि घराचा पत्ता असतो. मात्र येथे तिसरा टिअर आणि दुसऱ्या टिअरमधले काहीच दिसतात. कुटुंबातल्या मुलावर अत्याचार केलेले, अल्पवयीन असताना गुन्हा केलेले आणि ज्यांच्या गुन्ह्यात केवळ संमतीच्या वयाचा प्रश्न होता असे दुसऱ्या टिअरचे लोक सहसा वगळले जातात. पहिल्या टिअरचा तर प्रश्नच येत नाही. म्हणून ‘आमच्या झिप कोडमध्ये एकही नाव निघाले नाही’ याचा अर्थ तिथे नोंदणी झालेले कोणी राहत नाही असा होत नाही. कुटुंबातल्या गुन्ह्यांना वगळण्यामागे पीडित मुलाची ओळख उघड होऊ नये हा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. पण वाचणाऱ्याने ही पोकळी लक्षात ठेवावी.

शेजारचे न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनिया पाहायचे असेल तर केंद्रीय न्याय खात्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ उपयोगी पडते. २००५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाला पुढे ड्रू स्योडिन या नॉर्थ डकोटातून पळवून नेलेल्या विद्यार्थिनीचे नाव दिले गेले. त्याची स्वतःची वेगळी यादी नसते. ते राज्यांच्या नोंदवह्यांत एकाच वेळी शोध घेते, त्यामुळे राज्याने जे झाकले ते तिथेही झाकलेलेच राहते. नावासारखे नाव दिसले म्हणून निष्कर्ष काढू नये. छायाचित्र, वय आणि पत्ता जुळवून पाहावा, शंका उरली तर पोलिसांना विचारावे. या माहितीचा वापर करून कोणाला मारहाण करणे, धमकावणे किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान करणे हा न्यू जर्सीत गुन्हा आहे. केवळ नोंदवहीच्या आधारे घर नाकारण्यासही कायद्याची मनाई आहे.

नोंदणी मुळात जन्मभराची. दोषी ठरणे किंवा तुरुंगातून सुटका यांपैकी जे नंतरचे, तिथपासून १५ वर्षे एकही गुन्हा न करणाऱ्याला नाव काढण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो; पण एकाहून अधिक गुन्हे असलेल्यांना आणि काही गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना ती वाट बंद आहे. अल्पवयात गुन्हा केलेल्यांवरची जन्मभराची सक्ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. काही नगरपालिकांनी शाळा व बागांपासून अमुक अंतरात राहण्यास बंदी घातली होती, तीही २००९ मध्ये रद्द झाली, कारण राज्याचा कायदा असताना गावाने वेगळे नियम करू नयेत. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने देशभर १५ वर्षे, २५ वर्षे आणि जन्मभर अशा, गुन्ह्याच्या प्रकारावर ठरणाऱ्या तीन श्रेणी आणल्या. त्या पूर्णपणे स्वीकारलेली राज्ये निम्म्याहून कमी आहेत.

मुले यामुळे अधिक सुरक्षित झाली का? न्यू जर्सीतच केंद्रीय निधीतून झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पुन्हा गुन्हा होण्यावर या कायद्याचा परिणाम आढळला नाही. लैंगिक गुन्ह्यांचे प्रमाण कायद्याच्या आधीपासूनच घटू लागले होते. माहिती देणाऱ्या १५ काउंट्यांचा २००७ मधला खर्च मात्र सुमारे ३९ लाख डॉलर होता. परिणाम न दिसण्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. अमेरिकी न्याय खात्याच्या २००० सालच्या अहवालानुसार पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांत अल्पवयीन पीडितांपैकी केवळ ७ टक्क्यांवर अनोळखी माणसाने अत्याचार केला होता. उरलेले गुन्हेगार घरातले किंवा ओळखीचे होते, आणि त्यांतल्या अनेकांचे नाव त्याआधी कोणत्याच नोंदवहीत नव्हते. जेकबच्या आई पॅटी वेटरलिंग यांनीही पुढे या कायद्यांच्या वाढत्या व्याप्तीबद्दल, विशेषतः अल्पवयीन मुलांना त्यात ओढण्याबद्दल, जाहीरपणे शंका व्यक्त केल्या. त्यांच्या शब्दाला वजन आहे ते त्यांनी काय सोसले यामुळे.

भारताने वेगळा मार्ग घेतला. २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो. आरंभी तीत चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती केवळ तपास यंत्रणांसाठी आहे. पुण्यात किंवा पणजीत बसून पालकाला त्यात शोध घेता येत नाही. महाराष्ट्रात नोकरीवर घेताना पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा आधार घेतला जातो, आणि ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या पडताळणीवर राज्य शासनाने भर दिला. ही पडताळणी पोलिसांकडे आधीच पोहोचलेल्या प्रकरणांपुरतीच बोलते. न पोहोचलेल्यांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ आहे: मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर, किंवा तो होण्याची भीती वाटली तरी, पोलिसांना कळवणे भाग आहे. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावरही मदत मागता येते. घडलेला गुन्हा कळूनही तो दडवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत.