सुट्या पार्टवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

पीसी असेंबल करून घेताना बरेच ग्राहक म्हणतात, "वर थोडे पैसे घ्या, पण वॉरंटी वाढवून द्या." सुट्या पार्टसाठी आम्ही बहुतेक वेळा नको म्हणतो. कंपनीची मूळ वॉरंटीच पुरेशी लांब असते. इंटेल आणि एएमडीच्या खोकाबंद प्रोसेसरला 3 वर्षं मिळतात, कोर्सेअरच्या आरएमएक्स एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) 10. सॅमसंगच्या 870 इव्हो एसएसडीला 5 वर्षं आहेत. मात्र 1 टीबीच्या ड्राइव्हवर 600 टीबी डेटा त्याआधी लिहून झाला, तर वॉरंटी तिथेच संपते. घरच्या वापरात एवढं लिहून होणं अवघड. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये दोष निघाला, तेव्हा कंपनीने स्वतःच 2 वर्षं वाढवून दिली, एक रुपया न घेता.

शिवाय पार्ट जळला, पिन वाकली, पाणी गेलं, पावसाळ्यात गंज चढला, तर साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीतही क्लेम बसत नाही. डेटा परत मिळवण्याचा खर्चही त्यात नसतो. तेच पैसे चांगला यूपीएस आणि घराचं अर्थिंग यांत घाला. अर्थिंग तपासायचं कसं, ते आम्ही विनामूल्य सांगतो.

क्लेम खरा अडतो तो कागदांपायी. खोकं रद्दीत जातं, बिल सापडत नाही, किंवा साफसफाई करताना पार्टवरचं सिरीयल नंबरचं स्टिकर निघतं. मग पार्ट खरोखर वॉरंटीत असूनही सर्व्हिस सेंटर तो घेत नाही, आणि तुमचे-आमचे दोघांचे दिवस फोनाफोनीत जातात. म्हणून आम्ही प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर लिहितो. बिलाला थोडा उशीर होतो, पण त्या एका ओळीवर पुढचा सगळा क्लेम उभा असतो. "बिलाशिवाय स्वस्तात द्या" याला आमच्याकडे नकार आहे, तोही याचसाठी. बिलाचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. प्रोसेसरचं खोकं तर मुळीच टाकू नका. बाहेरून खोक्याविना 'ट्रे' प्रोसेसर आणलात, तर इंटेल ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही. जी काही असेल ती विकणाऱ्याची, हे आधी विचारून घ्या.

लॅपटॉपचं गणित निराळं. बऱ्याच लॅपटॉपना वर्षभराचीच वॉरंटी असते, आणि बोर्ड गेला तर खर्च मोठा. तिथे कंपनीचाच एक्स्टेंडेड वॉरंटीचा पॅक घ्यावा असं आम्हीही सांगतो. पडणं-सांडणं यांचं संरक्षण बहुधा वेगळं विकत घ्यावं लागतं आणि बॅटरीची मुदत बहुतेकदा वर्षभराचीच राहते, तेव्हा पैसे भरण्याआधी या दोन ओळी वाचा. कागद दुकानात आणलात तर आम्ही सोबत बसून वाचून देऊ, लॅपटॉप आमच्याकडून घेतलेला नसला तरी.