सोवळे आणि पावित्र्य

‘पवित्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी सोवळे उभे राहते: कद नेसलेली आजी, वेगळे भरून ठेवलेले पाणी, ‘शिवू नकोस’ ही हाक. मराठी ख्रिस्ती माणूसही याच भाषेत वाढलेला. त्यामुळे ‘पवित्र व्हा’ हे बायबलमधले वचन तो नकळत ‘सोवळे राहा’ असे वाचतो. अमक्याकडे जेवू नये, तमक्याच्या शेजारी बसू नये.

गोंधळ होणे साहजिक आहे. देवासाठी काही वेगळे काढून ठेवणे दोन्हींत आहे, आणि मोशेच्या नियमशास्त्रातही शुद्ध-अशुद्धाचे नियम आहेत. फरक कळतो तो स्पर्शात.

सोवळे शिवल्याने मोडते. तिथे विटाळ बलवान, सोवळे नाजूक. येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात उलट घडते. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि कुष्ठरोगी शुद्ध होतो. पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. ती बरी होते, आणि तो तिला ‘मुली’ म्हणतो. ज्या बाईने महिन्याचे चार दिवस बाजूला बसून काढले आहेत, तिला या एका शब्दाचे मोल मी काय सांगावे!

मोशेच्या नियमशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकात, १९व्या अध्यायात, ‘पवित्र असा’ ही आज्ञा येते आणि लगेच शेतात उतरते. कडेचे पीक गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका. माप खोटे ठेवू नका. पावित्र्य तपासायचे ते इथे, तराजूपाशी.

आणि ते कमवायचे नसते. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत तट पडले होते, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र जेवताना, एक उपाशी तर दुसरा पिऊन मस्त अशी गत होती. तरी प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच त्यांना पवित्र जन म्हणतो, कानउघाडणी नंतर. कृपा म्हणतात ती हीच.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते. १८९५ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद त्यांच्या मनातून गळला तो स्वतःच विचार करता करता, आणि तोही बाप्तिस्मा घेण्याआधी. पुढे त्यांच्या घरात परक्यांची मुले वाढली.