‘प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट नाही’: खुलासा

मराठी पत्राच्या जागी चौकोन छापून आले की ‘प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट टाकून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. प्रिंटरच्या रिपोर्ट्स मेनूतून पीसीएल फॉन्ट लिस्ट (प्रिंटरमधल्याच फॉन्टची यादी) छापून पाहा: कुरिअर, टाइम्स, युनिव्हर्स असे बहुतेक रोमन फॉन्टच दिसतील. तरी मराठी छापतेच, कारण अक्षरांचे आकार संगणकातला ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) पाठवतो, किंवा अख्खे पानच चित्र करून धाडतो.

म्हणून आधी पडदा पाहा. तिथेही रोमन अक्षरांची खिचडी असेल, तर मजकूर श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक अक्षर-संहिता) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही. तो बसवा, त्याहून बरे, मजकूर युनिकोडमध्ये बदलून मंगल किंवा निर्मला यूआय लावा. नुसता फॉन्ट बदलून काही होत नाही, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, म्हणजे कन्व्हर्टर, लागतो.

पडद्यावर ठीक, कागदावर चौकोन? मग ड्रायव्हरकडे वळा. फाइल पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंट, अ‍ॅडव्हान्स्ड, ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’. छपाई थोडी मंदावते, एवढेच.

पेन ड्राइव्ह थेट प्रिंटरला लावणार असाल तर मात्र पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेला, म्हणजे फाइलमध्येच सामावलेला, हवाच.